एक्स बरोबर साडेपाच

"बाबा, एक्स किती आला?"

"साडेपाच."

"पाच यायला हवा."

"पाचच आला होता. उतरवताना साडेपाच लिहिला."

"का?"

"अगं, अर्धा शिवणीत जाईल ना!"

मुलीने हातातलं लाल पेन वहीवर आडवं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. ती यंदा दहावीला होती, वर्गात गणितात पहिली होती, आणि पुढे शिक्षिकाच होणार हे तिने सातवीतच ठरवून टाकलं होतं. पहिलाच विद्यार्थी असा निघेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

विद्यार्थी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं कटर होता आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांच्या कात्रीखालून एवढ्या वर्षांत किती शर्ट, किती पँटी, किती डगले गेले याचा हिशेब नव्हता. पण एकही कपडा अंगाला आखूड झाला म्हणून परत आला नव्हता, आणि त्याचं कारण म्हणजे माया. शिवणीत आत जाणारं जादा कापड कडेने सोडतात, त्याला या धंद्यात माया म्हणतात. मास्तर चहूबाजूंनी अर्धा इंच माया सोडत. ती सोडायची असं त्यांना ठरवावं लागत नसे, हातच सोडत असे.

असा सुखाचा संसार चालू असताना मालकांनी कापड कापायचं मशीन घेतलं.

मशीनला कात्री नव्हती, खडू नव्हता, टेप नव्हता. त्याला म्हणे नुसते आकडे द्यायचे. एक आडवा, एक उभा, अशा आकड्यांच्या जोड्या दिल्या की ते चाळीस थर एका दमात कापणार होतं. मालकांनी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं, "ज्याला बीजगणित आणि निर्देशक भूमिती येते, त्याच्याच हातात मशीन. तीन आठवड्यांनी परीक्षा. पन्नास मार्कांची. पस्तीसच्या खाली असेल त्याने काज-बटणाच्या टेबलावर बसायचं."

परीक्षेला दोघेच होते. एक मास्तर आणि दुसरा मालकांचा भाचा. भाचा नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता आणि कारखान्यात खुर्चीवर बसून गोल गोल फिरणं एवढंच काम करत होता.

मास्तरांनी काज-बटणाच्या टेबलाकडे पाहिलं. कोपऱ्यात, जिन्याखाली, दिव्याच्या एका नळीखाली ते टेबल होतं. तिथे बसलेल्या माणसाला कापड दिसतच नाही, दिसतात ती फक्त भोकं. सव्वीस वर्षं ते खिडकीजवळच्या लांब टेबलापाशी उभे होते. ते टेबल गेलं तर आपण कोण, असा प्रश्न त्यांना पडला.

म्हणून रोज कामावरून आल्यावर, चहा झाला की, मुलीपुढे शिकवणी.

"हे बघा," मुलगी म्हणाली, "तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. आधी दोन्ही बाजूंतून पाच वजा. तीन एक्स बरोबर पंधरा. मग दोन्ही बाजूंना तीनने भाग. एक्स बरोबर पाच. एकेक पायरी लिहायची, उडी मारायची नाही."

"दोन्ही बाजूंनी सारखं कापायचं, असं म्हण ना! एवढं मला कळतं."

"मग आता ताळा करा. एक्सच्या जागी उत्तर घालून बघा. तुमचं साडेपाच घाला."

मास्तरांनी घातलं. तीन साडेपाच साडेसोळा, अधिक पाच, साडेएकवीस.

"वीस यायला हवे होते. दीड जास्त झाले."

"जास्त झालेलं बरं, बाळ. कमी पडले असते तर काय केलं असतंस? जास्तीचं कापता येतं."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ती काय सांगते ते ऐका. सव्वीस वर्षं माझं ऐकलं नाहीत, निदान तिचं ऐका."

दुसऱ्या दिवशी आयत निघाला. लांबी रुंदीपेक्षा चारने जास्त, परिमिती अठ्ठावीस. मास्तरांनी विचारलं, "कापड कसलं आहे?" मुलगी म्हणाली, कापड नाही, नुसता आयत आहे. मास्तर म्हणाले, नुसता आयत कसा असेल, तो कशाचा तरी असणारच, आणि धुतल्यावर आकसणारं कापड असेल तर आत्ताच सांग. रुंदी पाच आणि लांबी नऊ यायची होती. मास्तरांची आली सहा आणि दहा. आकसण्याचंही धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी उणे तीन आले. "उणे तीन इंच कापड कुठून आणायचं?" असं विचारून मास्तरांनी वहीच मिटली. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मुलीने त्या दिवशी लाल पेन उघडलंच नाही.

बीजगणिताने नाकी नऊ आणले होते, पण निर्देशक भूमितीने तर कहर केला. मुलीने आलेख कागद पुढे ठेवला आणि बिंदू मांडायला सांगितले. मास्तरांनी कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिल टेकवली आणि उजवीकडे मोजून सरळ खाली उतरले.

"बाबा, खाली कुठे? वाय वर जातो."

"वर कसा जाईल? माप खांद्यापासून खाली घेतात. घोट्यापासून वर माप घेणारा कटर तू पाहिलास का कुठे?"

"आरंभबिंदू खाली डावीकडे धरा. तिथून उजवीकडे एक्स, वर वाय."

"खांदा वर आहे बाळ, खांदा! माणूस उभा असतो!"

त्या दिवशी एका रेषेचा चढ काढायचा होता. बिंदू एक-दोन आणि तीन-सहा. मुलगी म्हणाली, सहातून दोन गेले चार, तीनातून एक गेला दोन, चार भागिले दोन म्हणजे चढ दोन, रेघ वर चढते. मास्तर म्हणाले, माझी रेघ खाली उतरते. मुलगी म्हणाली, चढते. मास्तरांनी कागद तिच्यापुढे धरला. रेघ खरोखरच खाली उतरत होती. मुलीने पानावर भली मोठी लाल फुली मारली.

शेवटी तिने एक युक्ती काढली. "तुमच्या कामातलं काहीतरी घ्या, म्हणजे कळेल. दवाखान्याच्या डगल्याची डावी बाजू आलेखावर मांडा बघू."

मास्तर खुलले. दवाखान्यातल्या माणसांचे पांढरे डगले ते डोळे मिटून कापत. त्यांनी झरझर बिंदू मांडले. खांद्याचं टोक वर शून्याशी, खालची दुमड एकतीसशी, गळ्याचा बाक, बगलेचा बाक, सगळं जागच्या जागी आणि सगळीकडे अर्धा इंच माया. चित्र असं देखणं आलं की बायको हात पुसत बघायला आली.

मुलीने ते पाहिलं. वाय उलटा होता आणि एकूण एक आकडा अर्ध्याने चुकला होता. तिने लाल पेनाने कोपऱ्यात शून्य काढलं आणि त्याला गोल केलं.

मास्तर रात्री जेवले नाहीत.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी मुलीने नवी वही आणली आणि कडक नियम केला. "बाबा, तुमच्या हातालाच चुकीची सवय आहे. म्हणून यापुढे एक लक्षात ठेवा. तुम्हाला उलटं दिसलं की समजायचं, बरोबर आहे. आणि काहीही झालं तरी माया सोडायची नाही."

मास्तरांनी ते मनावर घेतलं. माणूस जिद्दीचा होता. सकाळी दाढी करताना ते "वाय वर, माया नाही" असं पुटपुटत. बसमध्ये पुटपुटत. चहाच्या कपात बघून पुटपुटत. आणि हळूहळू, खरंच, उत्तरं बरोबर यायला लागली. एक्स पाच आला की वहीतही पाचच राहू लागला.

पण जे वहीतून गेलं ते हातातूनही गेलं. त्याच आठवड्यात मास्तरांनी बायकोचा ब्लाउज कापून शिवला. तो तिच्या कोपराशीच अडकला, पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"अहो, हे काय केलंत? माया कुठे आहे?"

"पाच म्हणजे पाच," मास्तर म्हणाले आणि मग स्वतःच दचकले.

कारखान्यात याहून वाईट झालं. दवाखान्याचे एक डॉक्टर माप द्यायला आले होते. मास्तर टेप घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि खाली बसून त्यांनी घोट्यापासून वर मोजायला सुरुवात केली. डॉक्टर गडबडले. "मास्तर, बरं वाटत नाहीये का?" असं त्यांनी काळजीने विचारलं. मास्तरांना रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. गणित अजून पुरतं आलं नव्हतं आणि कापड विसरायला झालं होतं. धड ना इकडचे, धड ना तिकडचे, असे ते दिवसभर टेबलापाशी उभे राहत आणि कोपऱ्यातल्या काज-बटणाच्या टेबलाकडे बघत. भाचा खुर्चीत गोल फिरत म्हणे, "मास्तर, टेन्शन नका घेऊ. बटणं लावणंही छानच काम आहे."

परीक्षा इस्त्रीच्या खोलीत झाली. शेजारच्या शाळेतले गणिताचे सर पेपर घेऊन आले होते. मास्तरांनी टेप बाहेर खुंटीला लावला, कारण गळ्यात टेप असला की हात भलतंच करतो हे त्यांना ठाऊक होतं. पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच सर त्यांच्यापाशी थांबले.

"हातावर काय लिहिलंय? दाखवा."

मास्तरांनी तळहात उघडला. त्यावर लिहिलं होतं : वर. माया नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. ही कॉपी आहे की घरगुती दुःख आहे, हे त्यांना ठरवता येईना. ते पुढे गेले.

पहिलं गणित होतं, कंसात एक्स वजा दोन, गुणिले तीन, बरोबर दोन एक्स अधिक पाच. भाच्याने एका ओळीत "अकरा" लिहिलं आणि पुढे गेला. मास्तरांनी कंस सोडवला. तीन एक्स वजा सहा बरोबर दोन एक्स अधिक पाच. दोन्ही बाजूंतून दोन एक्स कापले. दोन्ही बाजूंत सहा जोडले. एक्स बरोबर अकरा. हात पुढे "साडे" लिहायला धावला, तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला. मग ताळा. नऊ त्रिक सत्तावीस, बावीस आणि पाच सत्तावीस. मास्तरांनी सुस्कारा टाकला. बिंदू एक-दोनपासून बिंदू चार-सहापर्यंतचं अंतर त्यांनी तीनचा वर्ग, चारचा वर्ग, पंचवीसचं वर्गमूळ असं पायरीपायरीने पाचवर आणलं आणि पाचवरच सोडलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. भाच्याला एकोणतीस, तरी मालकांचा भाचा म्हणून काज-बटणाच्या टेबलावर त्याला कुणी बसवलं नाही. उत्तरं सगळी बरोबर होती, पण सर म्हणाले, "पायऱ्या कुठे आहेत? हे उत्तर आकाशातून पडलं का?" मास्तरांना सत्तेचाळीस. मालकांनी तो पेपर फ्रेम करून आपल्या खोलीत लावला. मास्तरांनी घरी जाऊन मुलीला जवळ घेतलं आणि हुंदके दिले.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं!

मशीन सोमवारी जोडून झालं. ते चालवायला शिकवणारा मेकॅनिक बुधवारी यायचा होता. पण दवाखान्याचे चाळीस डगले गुरुवारी द्यायचे होते. त्यांच्या बाह्या, पाठी आणि उजव्या बाजू मास्तरांनी गणिताच्या आधीच्या काळात हाताने कापून ठेवल्या होत्या. राहिल्या होत्या त्या फक्त डाव्या बाजू.

"मेकॅनिक कशाला हवाय?" मालक म्हणाले. "सत्तेचाळीस मार्कांचा माणूस आहे आपल्याकडे. करा सुरू."

मास्तरांनी डाव्या बाजूचे निर्देशक काढले. आरंभबिंदू खाली डावीकडे, वाय वर, माया नाही. पायरी पायरीने, एकही उडी न मारता. मग एकेक जोडी मशीनला दिली. पडद्यावर चित्र उमटलं. चित्रात गळा खाली होता आणि दुमड वर होती.

मास्तरांचा जीव थोडा वरखाली झाला. त्यांना ते उलटं दिसत होतं. पण लगेच मुलीचा नियम आठवला. उलटं दिसलं की समजायचं, बरोबर आहे. ते स्वतःशीच हसले. जुनी सवय, दुसरं काय! त्यांनी बटण दाबलं.

चार मिनिटांत चाळीस थर कापून झाले. सगळे टाळ्या वाजवायला जमले. मास्तरांनी वरचा तुकडा उचलला, हाताने कापलेल्या उजव्या बाजूशेजारी ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

तोही उजव्या बाजूचाच होता.

चित्र उलटं झालं की डावं उजवं होतं, हे कुणाही शिंप्याला कळतं. कापड उलटं करून बघितलं, तर आतली खरबरीत बाजू बाहेर येत होती. शिवाय तुकडा कडेने अर्धा अर्धा इंच लहान. आता कारखान्यात चाळीस डगले असे होते की ज्यांना दोन्ही बाजू उजव्या होत्या आणि त्यातली एक आखूड होती.

मालक खुर्चीत बसले. ती भाच्याची फिरणारी खुर्ची होती, त्यामुळे ते बसता बसता भिंतीकडे तोंड करून थांबले आणि तसेच राहिले.

फोन केल्यावर मेकॅनिक धावत आला. त्याने आकडे बघितले आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाय वर कशाला मोजला? या मशीनचा शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तिथून उजवीकडे आणि खाली मोजायचं. आणि शिवणीची माया आकड्यांतच धरायची. साधी गोष्ट आहे. कुठल्याही कटरला विचारलं असतंत तरी त्याने सांगितलं असतं."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"उद्या सकाळी डाव्या बाजू हव्यात," मालक भिंतीलाच म्हणाले. "कापड पुरेल एवढंच उरलंय. जमलं नाही, तर मास्तर, ते कोपऱ्यातलं टेबल रिकामंच आहे."

मास्तर घरी आले आणि चपला न काढताच बसले. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं. बायको पाण्याचा तांब्या हातात धरून उभीच राहिली.

"आता परत उलटं शिकायचं म्हणशील तर माझ्याच्याने होणार नाही," मास्तर म्हणाले. "हाताला काहीच आठवत नाही. बेरीज वर जाते की खाली, तेही कळत नाही. मी संपलो."

मुलीने विचारलं, "बाबा, मशीन चालवायच्या आधी एक तुकडा कागदावर कापून बघितला होतात?"

"नाही."

ती उठली. कपाटाच्या तळातून तिने जुनी वही काढली, बारा दिवसांची, लाल फुल्यांनी भरलेली. दवाखान्याच्या डगल्याचं पान उघडून तिने बाबांच्या मांडीवर ठेवलं. खांदा वर शून्याशी, दुमड खाली एकतीसशी, चहूकडे अर्धा इंच माया. कोपऱ्यात गोल केलेलं शून्य.

मास्तरांनी खांद्यापासून दुमडीपर्यंत पानावरून बोट फिरवलं. मग भीत भीत म्हणाले, "म्हणजे हे बरोबर होतं तर! मग ते शून्य आता..."

"ते राहू दे," मुलगी म्हणाली. "मशीनला चालत असेल. माझ्याकडे शून्यच."

सकाळी मास्तरांनी पानावरचे आकडे जसेच्या तसे मशीनला दिले. या वेळी आधी खाकी कागदाचा एक तुकडा कापला, अंगाला लावून बघितला आणि मगच कापड घातलं. चाळीस डाव्या बाजू निघाल्या, डाव्याच निघाल्या. डगले गुरुवारी गेले. आखूड तुकड्यांचे खिसे झाले. मालकांनी खुर्ची पुन्हा टेबलाकडे फिरवली आणि ते पान प्लास्टिकमध्ये घालून मशीनच्या वर लावायला सांगितलं. मेकॅनिकसुद्धा म्हणाला, असं पान आमच्या पुस्तकात हवं होतं.

आता कारखान्यात सत्तेचाळीस मार्कांचा पेपर फ्रेममध्ये आहे आणि काम शून्य मार्कांच्या पानावर चालतं.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मुलीला मशीन दाखवायला आणलं. खिडकीजवळचं लांब टेबल दाखवलं, पडदा दाखवला, भाच्याकडून चहा मागवला. मुलगी मशीनसमोर उभी राहून आपल्याच हाताचं शून्य वाचत होती. मग तिने दप्तरातून लाल पेन काढलं. मास्तरांचा ऊर भरून आला. शेवटी पोटची पोर, ते मनात म्हणाले, शून्य खोडणार.

तिने पान प्लास्टिकमधून बाहेर काढलं आणि शून्याच्या खाली नीट अक्षरांत लिहिलं : पानावर ताळा केलेला नाही.

"अगं, चाळीस डगले अंगात घालून माणसं फिरतायत!" मास्तर म्हणाले.

"तो ताळा नाही बाबा. ते नशीब."

भाचा चहा घेऊन दारातच थांबला होता. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग कानामागची पेन्सिल काढून ते टेबलाशी वाकले आणि पहिल्या बिंदूपासून ताळा करायला लागले.